धर्मनिरपेक्ष नोकरीत ख्रिस्ती विश्वास कसा जगावा: नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

ज्यांची नोकरी मंडळीच्या संस्थेत नाही, तर कुठल्याही धर्माशी बांधील नसलेल्या कंपनीत, कारखान्यात, रुग्णालयात किंवा सरकारी खात्यात आहे, अशा ख्रिस्ती तरुण-तरुणींसाठी हा लेख आहे. अशा ठिकाणी दोन प्रकारे घसरण होते. कुणी सोमवारी सकाळी विश्वास दाराबाहेर ठेवून आत जातो. कुणी पहिल्याच आठवड्यात टेबलावर वचनं चिकटवतो, जेवणाच्या सुट्टीत पत्रकं वाटतो, आणि त्याचा महिनाअखेरचा अहवाल मात्र अर्धवट राहतो. कुठे काय करायचं हे दोघांनीही आधी ठरवलेलं नसतं. म्हणून खालचा क्रम पाळा: आधी कागद आणि मर्यादा, मग काम, मग विनंत्या, आणि विश्वासाबद्दल बोलणं सगळ्यात शेवटी. तुमचं काम लोकांनी पाहिलेलं नसेल, तर तुमच्या बोलण्याला त्यांच्याकडे काही आधार नसतो.

जवळ काय असावं

- नेमणूकपत्र आणि करार. त्यातली कामाचे तास, पाळ्या आणि बाहेरचं काम याविषयीची कलमं.
- कंपनीची आचारसंहिता: भेटवस्तू, समाजमाध्यमं, भेदभाव आणि तक्रार कशी नोंदवायची याचे नियम.
- रजेचे नियम. अर्ज किती दिवस आधी लागतो आणि ऐच्छिक सुट्ट्या आहेत का.
- मंडळीच्या वर्षाचं कॅलेंडर.
- एक वही. ही घरी ठेवायची, कामाच्या संगणकात नाही.
- दोन माणसं: तुमचे पाळक किंवा फादर, आणि तुमच्याच क्षेत्रात बरीच वर्षं काढलेला एखादा विश्वासणारा. पाळकांना शास्त्र माहीत असतं, पण बिलात तास कसे फुगवले जातात किंवा तपासणी न करता सही कशी होते, हे त्या धंद्यातल्या माणसालाच कळतं. दोघांपैकी एकानेच भागवू नका.

1. पहिल्या आठवड्यात कागद वाचा

सही करण्यापूर्वी वाचले असतील तर उत्तम, नसतील तर आता वाचा. प्रत्येक नियमापुढे पेन्सिलने खूण करा: हा मला सहज पाळता येतो, याबद्दल विचारावं लागेल, याला माझी हरकत आहे. बहुतेक नियम पहिल्या गटात जातील. प्रत्यक्षात अडचण येते ती दोन-चार ठिकाणी: रविवारची पाळी, ग्राहकांकडून येणाऱ्या भेटी, कंपनीच्या नावाशी जोडलेलं समाजमाध्यमावरचं खातं, आणि आवारात सभा घेण्याला किंवा साहित्य वाटण्याला असलेली बंदी.

पगारी कामाच्या ठिकाणी पत्रकं वाटू नयेत असा नियम सर्वांना सारखा लागू असेल, तर तो छळ नव्हे. 'माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे' हे प्रेषितांनी म्हटलं, ते येशूच्या नावाने शिकवायचंच नाही अशी सक्त ताकीद मिळाल्यावर (प्रेषितांची कृत्ये 5:29). सूचनाफलकाच्या नियमासाठी ते वचन वापरलं, तर खरी वेळ येईल तेव्हा त्यात वजन उरत नाही.

2. मर्यादा आधीच लिहून ठेवा

वहीत तीन रकाने आखा.

पहिल्यात, कुणीही सांगितलं तरी जे करणार नाही ते: खोटी नोंद, लाच देणं किंवा घेणं, न केलेल्या कामावर सही, दुसऱ्याची हजेरी लावणं, एखाद्याला फसवून माल विकणं.

दुसऱ्यात, इतर विश्वासणारे करतात पण तुमचा विवेक परवानगी देत नाही ते. रोमकरांस पत्राचा 14वा अध्याय नेमका अशाच गोष्टींविषयी आहे. मद्य असलेल्या समारंभाला जावं का, रविवारी काम करावं का, हे बहुतेकांच्या वहीत या रकान्यात येईल. इथे तुम्ही स्वतःसाठी सवलत मागू शकता, पण तसं न वागणाऱ्या दुसऱ्या ख्रिस्ती सहकाऱ्याचा न्याय करू शकत नाही.

तिसऱ्यात, जे फक्त आवडत नाही ते: मोठा आवाज, सहकाऱ्यांची भाषा, सहलीला जाण्याचा कंटाळा. यातलं काहीही विश्वासाचं कारण सांगून टाळू नका. एकदा का 'माझ्या धर्मामुळे' हे शब्द सोयीसाठी वापरले गेले, की रविवारच्या खऱ्या विनंतीवरही संशय येतो.

हे लिहिणं का गरजेचं? बाबेलच्या राजदरबारात नेलेल्या दानीएल या यहूदी तरुणाने राजाच्या अन्नाने स्वतःला विटाळवायचं नाही असा मनात निश्चय आधी केला, आणि मग अधिकाऱ्याशी बोलणी केली (दानीएल 1:8). दबाव आल्यावर विचार सुरू केला, तर त्या क्षणी समोरचा माणूस, पगार आणि भीती हेच मोठे दिसतात.

3. काम चोख करा

पुढच्या सगळ्या पायऱ्या या पायरीवर उभ्या आहेत. कलस्सैकरांस पत्रात (3:22-23) दासांना सांगितलं आहे की, माणसांना खूश करण्यापुरतं, त्यांच्या डोळ्यांदेखतच काम करू नका, तर प्रभूसाठी म्हणून मनापासून करा. म्हणजे वरिष्ठ रजेवर असताना तुमचं काम कसं होतं, तिथे हे वचन लागू होतं.

- ठरलेल्या वेळी जागेवर असा. उशीर होणार असेल तर उशीर होण्याआधी कळवा.
- एखादी मुदत पाळता येणार नाही असं दिसताच त्याच दिवशी सांगा, आणि सोबत नवी तारीखही द्या. शेवटच्या तासापर्यंत 'होईल' म्हणत राहणं हेही खोटंच आहे. येशूने 'होय तर होय, नाही तर नाही' म्हटलं (मत्तय 5:37), ते मुदतींनाही लागू आहे.
- चूक झाली तर तीन वाक्यांत कळवा: काय झालं, परिणाम कुणावर झाला, दुरुस्ती केव्हा होईल. कारणं विचारली तरच सांगा.
- दुसऱ्याच्या कल्पनेचं श्रेय बैठकीत नाव घेऊन द्या.
- खर्चाच्या पावत्या त्याच दिवशी लावा. आठवडाभराने आठवून लिहिलेले आकडे नेहमी आपल्या बाजूला झुकतात.
- सफाई कामगार, पहारेकरी, शिकाऊ मुलं यांना नावाने ओळखा.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे कामाच्या वेळेत भक्ती. पगाराच्या वेळेत बायबल वाचणं, मंडळीच्या कार्यक्रमाची पत्रकं कंपनीच्या छपाईयंत्रावर काढणं, युवक संघाचे फोन घेणं. हेतू कितीही चांगला असला तरी ती वेळ आणि तो कागद मालकाचा आहे. दानीएलाच्या शत्रूंनी त्याच्या कारभारात दोष शोधला, पण तो सापडेना, म्हणून त्यांना त्याच्या देवाच्या नियमाकडे वळावं लागलं (दानीएल 6:4-5). तुमच्यावर कधी तक्रार झालीच, तर तीही कामाबद्दल नसावी.

दुसरा सापळा याच्या उलट आहे: 'चांगली साक्ष' द्यायची म्हणून कुणालाही नाही न म्हणणं, रोज रात्रीपर्यंत थांबणं, घर आणि मंडळी दोन्ही सोडून देणं. विसावा ही आज्ञा आहे (निर्गम 20:8-11), उरलेल्या वेळेत बसवायची गोष्ट नाही.

4. दिवसात प्रार्थना कशी बसवावी

सकाळी घरून निघण्यापूर्वी दहा मिनिटं पुरेत, पण ती ठरलेली असावीत. त्या दिवसाच्या बैठका, अवघड संभाषणं आणि दोन-तीन सहकाऱ्यांची नावं प्रार्थनेत घ्या. नावं वारांप्रमाणे वाटून घेतली तर सबंध विभाग आठवड्यात एकदा होतो, आणि ज्याच्याशी पटत नाही त्याचंही नाव आपोआप येतं.

कामात असताना प्रार्थना एका श्वासाची असते. राजाने 'तुझी काय विनंती आहे?' असं विचारल्यावर त्याच्या प्यालेबरदार नहेम्याने स्वर्गीय देवाची प्रार्थना केली आणि लगेच उत्तर दिलं (नहेम्या 2:4-5). राजा वाट पाहत होता, डोळे मिटायला सवड नव्हती. रागाची मेल पाठवण्याआधी, फोन उचलण्याआधी अशी प्रार्थना करा. कुणाला कळायची गरज नाही.

जेवणाआधी शांतपणे उपकारस्तुती करायला हरकत नाही. सगळं टेबल थांबेल इतकी ती लांबवू नका.

5. रविवार आणि सणांची रजा: विनंती कशी करावी

नवखे इथेच सर्वांत जास्त चुकतात, कारण ते फार उशिरा आणि फार मोघम बोलतात.

आधी तारखा काढा. नाताळ 25 डिसेंबरला ठरलेला आहे (काही ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत 7 जानेवारीला), पण ईस्टर दरवर्षी सरकतो. पाश्चात्त्य गणनेनुसार तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान येतो. 2027 मध्ये राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाची सुरुवात) 10 फेब्रुवारीला, गुड फ्रायडे 26 मार्चला आणि ईस्टर 28 मार्चला आहे. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा ईस्टर त्या वर्षी 2 मेला आहे. वरिष्ठांना हे माहीत असेल असं धरू नका. वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्या तारखा एकत्र लेखी द्या. मार्चअखेर हिशेबाची किंवा मालमोजणीची घाई असेल, तर ती गुड फ्रायडेशी गाठ घालू शकते, म्हणून ते आधी पाहा.

मग विनंती तयार करा. दानीएलाची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. त्याने मागणी न करता परवानगी मागितली. खोजांच्या सरदाराने राजाची भीती बोलून दाखवली, ती त्याने झिडकारली नाही. तो देखरेख करणाऱ्या कारभाऱ्याकडे गेला आणि लहान, मुदतीचा, तपासता येईल असा प्रयोग सुचवला: दहा दिवस भाजीपाला आणि पाणी द्या, मग आमची तोंडं पाहा (दानीएल 1:11-13). तुमच्या अर्जातही हेच चार भाग असू द्या: नेमकी गोष्ट, समोरच्याच्या अडचणीची जाणीव, पर्याय आणि मुदत. नमुना असा:

'माननीय महोदय, रविवारी सकाळी 8 ते 11 मी उपासनेला जातो. रविवारच्या पाळीत माणसं कमी असतात याची मला कल्पना आहे. मला सकाळऐवजी दुपारची पाळी मिळाल्यास मी दर रविवारी येऊ शकेन. तसेच इतरांच्या सणांच्या दिवशी पाळी घेण्याची माझी तयारी आहे. आठ आठवडे असे करून पाहावे आणि कामात अडचण आल्यास पुन्हा बोलावे, ही विनंती.'

यात शिकवण नाही, वचन नाही, तक्रार नाही. आधी समोरासमोर बोला, मग हा अर्ज द्या, आणि जे ठरलं ते त्याच दिवशी लेखी कळवा.

सहकाऱ्यांच्या सणांच्या दिवशी खरोखर काम करा. नुसतं लिहून विसरलात, तर पुढच्या वर्षी पाळी बदलून द्यायला कुणी तयार होणार नाही. रुग्णालय, अग्निशमन, वीज, वाहतूक अशा सेवांत असाल तर काही रविवार जाणारच. येशूने शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, रोग्यांना बरं केलं, हे लक्षात ठेवा, आणि त्या आठवड्यात संध्याकाळची किंवा शनिवारची उपासना शोधा. तीही नसेल, तर पाळकांशी बोलून आठवड्यातला दुसरा दिवस विसाव्यासाठी ठरवा.

6. खोटं करायला सांगितलं तर

मोठा भ्रष्टाचार क्वचितच समोर येतो. येतं ते असं: 'कालची तारीख टाक', 'साहेब नाहीत म्हणून सांग', 'तपासणी झाली असं लिही, उद्या करू'.

पहिलं, विचारा. 'म्हणजे नेमकं काय लिहायचं?' निम्म्या वेळा सांगणाऱ्याचा अर्थ वेगळा असतो, किंवा मोठ्याने सांगावं लागल्यावर तो स्वतःच मागे घेतो.

दुसरं, खरा पर्याय लगेच पुढे करा. नुसता नकार दिला की समोरच्याची अडचण तशीच राहते. 'साहेब नाहीत' ऐवजी 'ते आत्ता बोलू शकत नाहीत, निरोप घेऊ का?' कालच्या तारखेऐवजी 'आजची तारीख टाकतो आणि काम काल पूर्ण झालं अशी खाली नोंद करतो.' तपासणी राहिली असेल तर 'मी आत्ता थांबून करतो.' विक्रीत 'आज शेवटचा दिवस' असं खोटं सांगण्याऐवजी मालाचा जो खरा गुण आहे तो सांगा. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे (नीतिसूत्रे 11:1), आणि फुगवलेलं बिलही तराजूच आहे.

तिसरं, तरीही आग्रह झाला तर साध्या आवाजात म्हणा: 'हे मी लिहू शकणार नाही. यात कंपनीलाही धोका आहे.' पापाची व्याख्या सांगत बसू नका. नोंद खोटी आहे एवढं कारण पुरे.

चौथं, त्याच दिवशी छोटी मेल करा: 'आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे मी अमुक नोंद आजच्या तारखेने केली आहे.' सूर तक्रारीचा नको. वहीत तारीख, वेळ, जागा आणि ऐकलेले शब्द जसेच्या तसे लिहा.

पाचवं, दबाव वाढला तर आचारसंहितेत दिलेल्या मार्गाने वर जा. इथे एक सापळा प्रामाणिक माणसांनाच अडकवतो: पुरावा म्हणून कंपनीची गोपनीय कागदपत्रं स्वतःच्या मेलवर पाठवणं. त्याने तुम्हीच नियम मोडता, आणि मूळ विषय बाजूला पडून चौकशी तुमची सुरू होते. आधी कामगार कायद्याच्या वकिलाला विचारा.

भेटवस्तूंचा नियम सोपा ठेवा: आलेली प्रत्येक भेट त्याच दिवशी लेखी कळवायची, मूल्य कितीही असो. कळवायला संकोच वाटला, तर ती परत करायची.

7. समारंभ, मद्य, इतर धर्मांचे विधी

सहकाऱ्याच्या आनंदात सहभागी होणं आणि त्याच्या देवाची उपासना करणं यांत फरक आहे. पहिलं मोकळेपणाने करा: शुभेच्छा द्या, तयारीला हात लावा, घरच्यांची चौकशी करा. विधीच्या वेळी मागे, आदराने उभं राहता येतं. पुढे होऊन काही करायचा आग्रह झाला तर एकट्यात, एका वाक्यात सांगा: 'माझ्या विश्वासात हे बसत नाही, पण मला इथे तुमच्यासोबत असायला आवडेल.' सर्वांसमोर स्पष्टीकरण दिलं की यजमानाला अपमान वाटतो.

अर्पण केलेल्या अन्नाबद्दल पौलाचं उत्तर दुहेरी आहे: समोर वाढलेलं, विवेकाचा प्रश्न न काढता खा, पण 'हे अर्पण केलेलं आहे' असं कुणी मुद्दाम सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका (1 करिंथकरांस 10:27-29). मंडळ्यांमंडळ्यांत यावर मतं वेगळी आहेत. पाळकांशी आधीच बोलून घ्या. ज्याची नोकरीच त्याला विधीच्या जागी उभं करते, त्याने अरामाचा सेनापती नामान याची गोष्ट वाचावी: राजाला आधार देताना रिम्मोन या दैवताच्या देवळात वाकावं लागेल, याबद्दल त्याने आधीच क्षमा मागितली, आणि संदेष्टा अलीशाने त्याला 'शांतीने जा' म्हटलं (2 राजे 5:18-19).

मद्य घेत नसाल तर हातात दुसरं पेय घेऊन उभे राहा. विषय बहुधा निघतही नाही.

8. विश्वासाबद्दल बोलणं

सोमवारी कुणी विचारलं, 'काल काय केलंत?' तर 'उपासनेला गेलो होतो, मग घरी आराम' एवढं सांगून थांबा. लपवू नका, ताणूही नका. ज्याला पुढे विचारायचं असेल तो विचारतो. त्या दिवसासाठी दोन मिनिटांचं उत्तर तयार ठेवा: तुम्ही येशूवर विश्वास का ठेवता, त्याने तुमच्या जगण्यात काय बदललं, पाच-सहा साध्या वाक्यांत. मंडळीतले ठेवणीतले शब्द गाळून ते एखाद्या ख्रिस्ती नसलेल्या मित्राला म्हणून दाखवा, आणि त्याला काय कळलं नाही ते विचारा. विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने, हेच पेत्र सांगतो (1 पेत्र 3:15).

दुःखात असलेल्या सहकाऱ्याला म्हणता येईल, 'मी घरी तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?' नाही म्हणाले तर विषय संपला. हो म्हणाले तर खरोखर करा, आणि आठवड्याने 'आईची तब्येत कशी आहे?' असं विचारा. ही विचारपूसच बहुतेक जण विसरतात.

काही जागी मात्र बोलूच नका. तुमच्या हाताखालचा माणूस, तुमच्या निर्णयाची वाट पाहणारा ग्राहक, रुग्ण, विद्यार्थी यांना 'नको' म्हणण्याचं स्वातंत्र्य नसतं. त्यांनी आपणहून विचारलं तर थोडक्यात उत्तर द्या, आणि पुढचं बोलणं कामाच्या नात्याबाहेर ठेवा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: सहकाऱ्याने विश्वासाने सांगितलेली अडचण नावासकट प्रार्थनासभेत किंवा मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर नेऊ नका. प्रेमाने केलेलं असलं तरी ती चुगलीच होते, आणि ती फिरून त्या माणसापर्यंत पोहोचते. 'एका सहकाऱ्यासाठी प्रार्थना करा' एवढं देवाला पुरतं.

9. तुमच्या हाताखाली माणसं आली की

धमकावणं सोडा, कारण त्यांचा आणि तुमचा धनी स्वर्गात आहे (इफिसकरांस 6:9). भरतीत मंडळीतल्या ओळखीच्या उमेदवाराचा अर्ज आला तर ओळख लेखी जाहीर करा आणि निवडीतून बाजूला व्हा. बैठकीची सुरुवात प्रार्थनेने करू नका, कारण सगळे माना खाली घालतील आणि त्यातल्या कितींना ते नको होतं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. इतरांच्या सणांच्या रजा स्वतः आठवण ठेवून मंजूर करा. मजुरी आणि जादा कामाचा मोबदला वेळेवर निघतो की नाही, याचा पाठपुरावा करा. मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नये, हे लेवीय 19:13 मध्येच आहे.

10. टिंगल, डावलणं, त्रास

एखाददुसरी थट्टा हसून सोडा. तीच व्यक्ती पुन्हापुन्हा करत असेल तर मत्तय 18:15 प्रमाणे आधी एकट्यात बोला: 'मंगळवारी बैठकीत तुम्ही जे म्हणालात ते मला लागलं. पुन्हा नको.' थांबलं नाही, तर वहीतल्या नोंदी घेऊन मनुष्यबळ विभागाकडे जा. धमकी, अंगाला हात लावणं किंवा लैंगिक छळ असेल, तर एकट्यात बोलण्याची पायरी तुम्हाला लागू नाही. थेट तक्रार करा, गरज पडली तर पोलिसांत.

बढती हुकली की लगेच विश्वासामुळे झालं असं मानू नका. वरिष्ठांना लेखी विचारा की कुठे कमी पडलो. उत्तर कामाचं असेल तर सुधारा, आणि उत्तरच मिळत नसेल तर नोंद ठेवा.

11. सोडायची वेळ आली तर

पहिल्या रकान्यातली गोष्ट रोजच करावी लागत असेल, आणि पर्याय, लेखी विनंती, वरची तक्रार हे सगळं करून झालं असेल, तर नोकरी सोडण्याचा विचार करा. रागाच्या दिवशी राजीनामा लिहू नका. घरच्यांशी आणि वर सांगितलेल्या दोघांशी बोला. शक्य असेल तर तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असू द्या आणि दुसरी नोकरी शोधणं आधी सुरू करा. तोवर त्या एका कामाला शांतपणे नकार देत राहा.

राजीनाम्यात कारण एका वाक्यात लिहा, कुणाचंही चारित्र्य त्यात आणू नका. सूचनेचा काळ (नोटीस पिरियड) पूर्ण भरा. अपुरी कामं, मुदती, संपर्क, कुठली फाइल कुठे आहे, हे सगळं लिहून द्या. ज्या वरिष्ठाशी बिनसलं, त्याच्या कामाचा भाग यात आधी पूर्ण करा.